गेलेल्या माणसावर फिल्म करताना

वडील गेले, आजी गेली, धाकटा भाऊ गेला. त्यांच्यावर एक छोटी फिल्म करायची आहे, हाताशी पैसे फार नाहीत, सुरुवात कुठून करू? हा प्रश्न वाचकांकडून पुन्हापुन्हा येतो आणि त्यात पहिली चौकशी कॅमेऱ्याची असते. मोबाइलवर चालेल का, कुठला घेऊ, भाड्याने कितीला पडेल? त्याच्या पाठोपाठ अनुदान आणि ओटीटी. घरच्यांना कसं विचारायचं, जुन्या कॅसेटचं काय करायचं, आईच्या पत्रांवर हक्क कोणाचा, सेन्सॉर लागतं का, हे मधलं सगळं उशिरा सुचतं आणि फिल्म नेमकी तिथेच अडकते.

दुःख आणि आठवण या विषयाला पैसा कमी लागतो. एक घर, दोन-तीन माणसं, काही वस्तू एवढ्यावर तो उभा राहू शकतो. लागतात त्या परवानग्या, सवड आणि कामांचा नीट क्रम. खाली तोच क्रम दिला आहे. तुमची फिल्म दहा मिनिटांची असो की दीड तासाची, पहिले दोन टप्पे कृपया गाळू नका.

कॅमेऱ्याआधी: जे नाहीसं होतंय ते वाचवा

स्क्रिप्ट वर्षभराने लिहिली तरी चालते. खालच्या गोष्टी मात्र तोवर थांबत नाहीत.

- फोन. गेलेल्या माणसाचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर साधारणपणे काढून टाकलं जातं. गूगलचं खातं दोन वर्षं न उघडल्यास पुसलं जाऊ शकतं आणि त्यातले फोटोही जातात. सिम रिचार्ज करत राहा, कारण बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. तुमच्या, भावंडांच्या, काकूंच्या फोनमध्ये आलेले व्हॉइस मेसेज एकेक करून बाहेर काढा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. 'बाळा, पोचलास का' एवढाच तो मेसेज असेल. एडिटच्या टेबलावर त्याची किंमत कळते.
- कॅसेट आणि टेप. लग्नाच्या व्हीएचएस, मिनीडीव्ही टेप, घरी रेकॉर्ड केलेल्या ऑडिओ कॅसेट. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका. टेप खराब होते, प्लेअरचं हेडही बिघडतं आणि पुढच्या कॅसेटला लागण होते. ती साफ करून घेऊन मगच डिजिटाइझ करा. मिनीडीव्ही टेपवरचा मजकूर मुळातच डिजिटल असतो. तो फायरवायरने जसाच्या तसा उतरवून मागा, साध्या एव्ही केबलने नको.
- फोटो. अल्बमवर मोबाइल धरून फोटोंचे फोटो काढणं ही तात्पुरती सोय आहे. सहा बाय चार इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला तर ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. फोर-के फ्रेमची रुंदी ३८४० पिक्सेल असते, म्हणजे पूर्ण फोटो दाखवायला एवढं जवळजवळ पुरतं. एखाद्या चेहऱ्याजवळ जायचं असेल तर १२०० डीपीआय ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण तारीख, गाव, कुणाचं तरी अक्षर तिथेच असतं.
- घर. तेराव्यानंतर घर आवरायला काढतात. कपडे वाटले जातात, पलंग हलतो, भिंतींना रंग लागतो. त्याआधी एकदा, हाताशी असेल त्या फोनवर, प्रत्येक खोली स्थिर आणि निवांत शूट करून ठेवा. आवाजही घ्या: फाटकाची कडी, पंख्याची घरघर, देवघरातली घंटा.

या सगळ्याच्या तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी किंवा क्लाउडवर. एकाच ड्राइव्हवर सगळं ठेवून निर्धास्त राहू नका.

खरी माणसं, पात्रं की दोन्ही?

हा निर्णय आवडीवर सोडू नका. घरच्यांची तयारी आणि तुमच्याकडचं साहित्य पाहून तो घ्या.

बोलायला तयार असलेली माणसं आणि पुरेसं जुनं साहित्य असेल तर माहितीपट करा. घरात विषय काढला की माणसं उठून जात असतील किंवा मृत्यूमागे आत्महत्या, मालमत्तेचा वाद, व्यसन असं काही असेल तर कथापट अधिक सुरक्षित आणि पुष्कळदा अधिक खराही होतो. नावं, गाव, नातं बदलता येतं आणि कुणाला कॅमेऱ्यासमोर उभं करावं लागत नाही. तिसरा मार्ग निबंधपटाचा आहे: तुमचा आवाज, फोटो, वस्तू, रिकाम्या जागा. तो सर्वांत स्वस्त आणि लिहायला सर्वांत अवघड. क्रिस मार्करची १९६२ सालची 'ला जेते' ही २८ मिनिटांची फिल्म जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून रचलेली आहे आणि तिचा विषय आठवण हाच आहे. नुसते फोटो पुरतील का, अशी शंका असेल तर ती बघा.

कथापट लिहिणाऱ्यांची नेहमीची अडचण म्हणजे गोष्टीचा कालावधी. पन्नास वर्षांचं आयुष्य मांडायला गेलात तर वेशभूषा, जुन्या गाड्या, दोन-तीन वयांचे नट लागतात आणि बजेट पहिल्याच पानावर कोसळतं. मृत्यूनंतरच्या विधींनी कालावधी आखून दिलेलाच आहे. दहा दिवसांचं सुतक, तेरावा, वर्षश्राद्ध. बौद्ध कुटुंबात पुण्यानुमोदन, मुस्लिम घरात चाळिसावा, गोव्याच्या ख्रिस्ती घरात महिन्याची मिस्सा. यातला एकच काळ निवडा. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' वडिलांच्या मृत्यूनंतर गावी घालवलेल्या दहा दिवसांवर उभा आहे. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. हिरोकाझू कोरेएदा यांचा 'स्टिल वॉकिंग' (२००८) थोरल्या मुलाच्या स्मृतिदिनी आईवडिलांच्या घरी जमलेल्या कुटुंबाचा आहे. एक घर आणि जेमतेम एक दिवस. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये वडिलांचा मृत्यू चित्रपट सुरू होण्याआधीच झालेला आहे. मुलगा आणि आई बदलीच्या गावी येतात, तिथून गोष्ट सुरू होते. मृत्यूचा प्रसंग दाखवावाच लागतो, हा समज सोडून द्या. तो प्रसंग सर्वांत खर्चिक असतो आणि प्रेक्षकाने तो शंभर वेळा पाहिलेला असतो.

विषय विस्मृतीचा असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पुन्हा पाहा. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. बाहेर घडलेल्या एका साध्या घटनेवर लेखकांनी आतली सगळी पडझड पेलून धरली आहे.

पहिलीच फिल्म असेल तर पंधरा-वीस मिनिटांची करा. पूर्ण लांबीची करण्याइतकं साहित्य आहे असं वाटतंच, कारण आठवणी संपत नाहीत. प्रेक्षकाला तो माणूस अनोळखी आहे, हे मात्र विसरू नका.

घरच्यांची संमती: एकदा घेऊन भागत नाही

दुःखात असलेलं माणूस 'कर, तुला हवं ते कर' असं म्हणून जातं. ती संमती नव्हे. निदान तीन टप्प्यांवर विचारा: शूटिंगआधी, शूटिंग झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि एडिट पक्का होण्याआधी. मधला टप्पा बहुतेक जण विसरतात. आई कॅमेऱ्यासमोर भरभरून बोलते आणि रात्री तिला वाटतं, सासरच्यांबद्दल ते बोलायला नको होतं. तिने स्वतःहून सांगावं म्हणून थांबू नका, तुम्हीच विचारा.

लेखी संमतीपत्र साध्या मराठीत, एका पानात करा. त्यात एवढं असावं:

- फिल्म कशाबद्दल आहे आणि कोण करतंय
- मुलाखत, फोटो, आवाज, पत्र यांपैकी काय वापरणार
- कुठे दाखवणार: महोत्सव, चित्रपटगृह, इंटरनेट, परदेश
- मानधन असल्यास किती, नसल्यास 'नाही' असं स्पष्ट
- कोणत्या तारखेपर्यंत बोलणं मागे घेता येईल

शेवटचा मुद्दा निर्माते टाळतात. तुम्ही टाळू नका. मागे घेण्याची मुभा आहे हे कळलं की माणसं मोकळेपणाने बोलतात, आणि तारीख ठरलेली असल्यामुळे फिल्मही टांगती राहत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचं शूटिंग करायचं असेल तर कागदावरची सही पुरेशी नाही. जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती घ्या आणि त्या व्यक्तीला त्या त्या दिवशी पुन्हा विचारा. ती अस्वस्थ दिसली, तोंड फिरवलं, 'घरी जायचंय' म्हणाली की कॅमेरा बंद करायचा. हा निर्णय घेण्याचा अधिकार तुमच्याखेरीज सेटवरच्या आणखी एकाकडे द्या. स्वतःच्या आजोबांचं शूटिंग करताना दिग्दर्शकाला थांबावंसं वाटेलच असं नाही.

घरातलं कुणी ठाम नकार देत असेल तर? तेवढा भाग वगळा, चेहरा न दाखवता फक्त आवाज घ्या, नटाकडून तो मजकूर वाचून घ्या किंवा ती ओळ कथेतल्या पात्राच्या तोंडी द्या. यातलं काहीच चालत नसेल तर साहित्य जपून ठेवा आणि फिल्म पुढे ढकला. घरच्यांना अंधारात ठेवून केलेलं शूटिंग कायद्याने निभावलं तरी पुढची सगळी वर्षं तुम्हाला त्याच घरात काढायची असतात.

विचारायचं कसं

'बाबा गेले तेव्हा तुला काय वाटलं?' या प्रश्नाला उत्तर नसतं. असलंच तर सगळ्यांचं सारखं असतं. भावना विचारू नका, दिनक्रम विचारा.

- ते सकाळी उठून पहिल्यांदा काय करायचे? चहा कोण करायचं? साखर किती?
- बाजारात कुणाकडून भाजी घ्यायचे? भाव करायचे का?
- रागावले की आवाज चढायचा की गप्प बसायचे?
- त्यांची कुठली वस्तू अजून वापरात आहे? कोण वापरतं?
- त्यांच्या नावावर अजून काय आहे: लाइटचं बिल, गॅसचं कार्ड, दारावरची पाटी?

शेवटच्या प्रश्नावर माणसं पुष्कळ बोलतात. लाइटबिल अजून त्यांच्याच नावाने येतं आणि ते बदलून घ्यावंसं वाटत नाही, असं सांगणाऱ्या बाईंना दुःखाबद्दल वेगळं विचारावं लागत नाही.

हातात एखादी वस्तू द्या: चष्म्याचं घर, पानाचा डबा, शिवणाचं मशिन पुसायचं फडकं. काम करता करता बोलणं सोपं जातं आणि शॉटलाही आधार मिळतो. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न विचारू नका; दहा-पंधरा सेकंद थांबा. मराठी घरांत वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसायची सवय असते, म्हणून आत्याची मुलाखत काकांसमोर घेऊ नका. शक्य असेल तर तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाला तुम्हीच प्रश्न विचारण्याऐवजी टीममधल्या परक्या व्यक्तीला विचारू द्या. तुम्हाला 'तुला माहितीच आहे' म्हणून जे सांगितलं जात नाही, ते तिला सविस्तर सांगितलं जातं.

माणूस रडायला लागलं तर क्लोजअप घेऊ नका. कॅमेरा आहे तिथेच राहू द्या, पाणी द्या, चालू ठेवायचं का ते विचारा. दिवसाला अशी एकच मुलाखत ठेवा.

पैसे: कशावर आणि कशावर नाही

हाताशी असलेल्या रकमेचे ढोबळ वाटे असे करा, हा माझा सल्ला. साधारण एक तृतीयांश जेवण, प्रवास आणि मुक्कामासाठी. पाव हिस्सा आवाजासाठी: शूटिंगला साउंड रेकॉर्डिस्ट आणि शेवटी मिक्सिंग. दहावा हिस्सा हार्ड डिस्कसाठी. सातवा-आठवा हिस्सा सबटायटल, कागदपत्रं आणि महोत्सवांच्या प्रवेशशुल्कासाठी. उरलेलं अडीअडचणीला. यात कॅमेऱ्याचं भाडं नाही, हे मुद्दाम. ओळखीच्या कुणाकडे मिररलेस कॅमेरा असतोच आणि नसेल तर चांगला मोबाइल पुरतो. पहिला पैसे देऊन घ्यायचा माणूस म्हणजे साउंडवाला.

मित्रमंडळी फुकट काम करणार असतील तरी त्यांच्याशी लेखी करार करा. यामागे कायदेशीर कारण आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. संगीत करून देणाऱ्या मित्राशी मोघम चार ओळींचा करार केलात तर सहाव्या वर्षी, किंवा परदेशातला पहिला महोत्सव मिळताच, तुम्ही अडचणीत येता. मुदत, प्रदेश आणि माध्यमं तिन्ही लिहा.

वर्गणीतून पैसे उभे करताना देणगी आणि गुंतवणूक यांची गल्लत होऊ देऊ नका. देणगीदाराला नामावलीत स्थान आणि पहिल्या खेळाचं निमंत्रण द्या. अनोळखी लोकांना नफ्यातला वाटा कबूल करायचा असेल तर आधी सीए आणि वकील गाठा.

शूटिंगच्या परवानग्या

स्वतःच्या घरात शूट करतानाही सोसायटीला लेखी कळवा. रस्ता, नदीघाट, सार्वजनिक बाग यांसाठी स्थानिक पोलीस ठाणं आणि नगरपालिका किंवा महापालिका. राज्यातल्या सरकारी जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणारी एक खिडकी योजना आहे. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना आपापल्या वेगळ्या परवानग्या लागतात. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांनुसार हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन आहेत. अस्थिविसर्जनाच्या ड्रोन शॉटशिवाय फिल्म होत नाही असं वाटत असेल तर पुन्हा एकदा विचार करा.

या विषयात हमखास अडकवणाऱ्या तीन गोष्टी:

- कावळा. पिंडाला शिवणारा कावळा, दारातली गाय, घरचा कुत्रा. फिल्ममध्ये प्राणी-पक्षी वापरायचा तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाकडे शूटिंगच्या आधी अर्ज करावा लागतो आणि सेन्सॉरच्या वेळी त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं जातं. शूटिंग उरकल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही.
- लहान मूल. कथा नातवाच्या नजरेतून असेल तर २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. त्याच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. कायद्याच्या पलीकडचं एक सांगतो: चितेचा किंवा पार्थिवाचा प्रसंग मूल फ्रेममध्ये नसताना शूट करा आणि त्याची प्रतिक्रिया वेगळ्या दिवशी, वेगळ्या निमित्ताने घ्या.
- विडी-सिगारेट. नटाच्या हातात विडी दिली की सुरुवातीला आणि मध्ये आरोग्यविषयक संदेश आणि त्या दृश्यात इशारा दाखवावा लागतो. अठरा मिनिटांच्या हळव्या फिल्मला ते फार जड जातं. वडिलांची ओळख दुसऱ्या वस्तूतून करून देता येते का ते बघा.

स्मशानभूमीत परवानगी असली तरी इतर कुटुंबं तिथे आपल्या माणसाला घेऊन आलेली असतात. सकाळी लवकर जा, लाइट लावू नका आणि दुसऱ्याची चिता फ्रेममध्ये घेऊ नका.

तांत्रिक बाजू, थोडक्यात

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट फडफडते. मोबाइलवर शूट करताना एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांत आवाज, रेकॉर्ड करा. मुलाखतीच्या वेळी फ्रिज बंद करायचा असतो आणि तो परत लावायचं सगळे विसरतात. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना आठवण होते. एडिट आणि ग्रेडिंगसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. महोत्सवाने डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर ती घरच्या घरी बनते.

आठवणींवर हक्क कोणाचा

इथे सर्वाधिक गोंधळ असतो, म्हणून सविस्तर सांगतो.

फोटो. फोटोचा हक्क मुळात तो काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या माणसाचा नव्हे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे लग्नाचे स्टुडिओने काढलेले फोटो सहसा घरचेच. मामाने हौसेने काढलेले मामाचे. त्यांची परवानगी लेखी घ्या.

पत्रं. आईने तुम्हाला लिहिलेलं पत्र, म्हणजे तो कागद, तुमचा आहे. त्यातला मजकूर आईचा. तिच्या पश्चात तो हक्क तिच्या वारसांचा असतो आणि वारस म्हणजे एकटे तुम्ही नव्हे. सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या. डायऱ्यांनाही हेच लागू.

गाणी. बाबा जे गाणं सारखं ऐकायचे तेच हवं, असं प्रत्येकाला वाटतं. रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन थर असतात: शब्द आणि चाल हा एक, ध्वनिमुद्रण हा दुसरा. दोन्हींची परवानगी वेगवेगळी लागते. आईने ते नुसतं गुणगुणलं तरी पहिला थर उरतोच. 'पाच सेकंद वापरलं तर चालतं' असा कोणताही नियम नाही. तुकारामांचे किंवा जनाबाईंचे शब्द सर्वांचे आहेत, पण रेडिओवर ऐकलेली त्यांची चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते. गावातल्या भजनी मंडळाची पारंपरिक चाल घ्या, त्यांच्याकडूनच नव्याने रेकॉर्ड करा आणि मानधन द्या. जात्यावरच्या ओव्या परंपरेच्या असल्या तरी गाणाऱ्या बाईंना कलाकार म्हणून स्वतःचे हक्क आहेत, तेव्हा त्यांचीही लेखी संमती आणि नामावलीत पूर्ण नाव.

गेलेल्या माणसाची बदनामी. खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, तो वारसांना मिळत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात म्हटलं. त्याने सगळी मोकळीक मिळते असं मात्र नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. शिवाय जिवंत माणसं आहेतच. मुलाखतीत कुणी 'डॉक्टरांच्या चुकीमुळे गेला' असं म्हणालं तर कागदोपत्री आधाराशिवाय डॉक्टरांचं किंवा रुग्णालयाचं नाव फिल्ममध्ये ठेवू नका. अशा आशयाची फिल्म एकदा वकिलाला दाखवाच.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आवाज. आजोबांच्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा आवाज तयार करून निवेदन करावं का, हा नवा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. जे ते बोललेच नाहीत ते त्यांच्या आवाजात ऐकताना घरच्यांची खरी आठवणही डळमळीत होते. ते मिळालेल्या तीन व्हॉइस मेसेजमध्ये जेवढं बोलले, तेवढंच घ्या.

एडिट

शूटिंग झाल्यावर लगेच बसू नका. निदान एक-दोन महिने जाऊ द्या आणि शक्य असेल तर एडिटर दुसरा घ्या. ज्या शॉटला तुम्हाला रडू येतं तो प्रेक्षकालाही तसाच भिडेल, असं नसतं. परका एडिटर ते सांगू शकतो.

रफ कट आधी अशा दोन-तीन जणांना दाखवा, ज्यांनी त्या व्यक्तीला कधी पाहिलेलंच नाही. फिल्म संपल्यावर 'आवडली का' असं विचारू नका. 'तो माणूस कसा होता' ते त्यांना सांगायला लावा. 'प्रेमळ होते' एवढंच उत्तर आलं तर तुमच्या फिल्ममध्ये अजून माणूस नाही, श्रद्धांजली आहे. त्यांचा चिक्कूपणा, हट्ट, एखाद्या मुलावर केलेला अन्याय परत आत आणा. त्यानंतरच घरच्यांना दाखवा, तेही चित्रपट पक्का होण्याआधी, घरात आणि एकेकाला. सगळ्यांना एकत्र बसवलं तर मोठे बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात.

सेन्सॉर, महोत्सव, अनुदान

- प्रमाणपत्र केव्हा लागतं? चित्रपटगृहात किंवा सभागृहात जाहीर खेळ करायचा असेल तर. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले आहेत आणि प्रमाणपत्राला मुदत राहिलेली नाही. महोत्सवांना सरकारकडून सूट मिळवता येते, ती आयोजक घेतात. ओटीटीसाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र कायद्याने बंधनकारक नाही, तिथे २०२१ च्या नियमांनुसार मंच स्वतः वर्गवारी करतात. सेन्सॉर मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर अपील उच्च न्यायालयात, कारण पूर्वीचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं.
- राज्य सरकारचं अर्थसाहाय्य पूर्ण झालेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या मराठी चित्रपटाला परीक्षणानंतर मिळतं. ते बजेटमध्ये जमा धरून कर्ज काढू नका.
- अर्धवट फिल्म असेल तर नोव्हेंबरात गोव्यात इफ्फीच्या जोडीने भरणाऱ्या एनएफडीसीच्या फिल्म बझारकडे बघा. तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये रफ कटवर जाणकारांचं मार्गदर्शन मिळतं.
- यूट्यूबची घाई नको. अनेक महोत्सव पहिल्या खेळाचा मान मागतात. इंटरनेटवर आधीच टाकलेली फिल्म ते घेत नाहीत. आधी महोत्सवांचं वर्ष-दीड वर्ष, मग इंटरनेट. माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा मिफ, पूर्ण लांबीच्या मराठी चित्रपटासाठी पुण्याचा पिफ ही स्वाभाविक सुरुवात आहे.
- ओटीटीचा करार समोर आला की मुदत, प्रदेश आणि 'अनन्य' हा शब्द तपासा. मूळ घरगुती साहित्य, म्हणजे टेप, पत्रं, व्हॉइस मेसेज, यांचे हक्क करारात कुठेही देऊ नका. द्यायची ती फक्त तयार फिल्म.

गावात किंवा सोसायटीत खेळ ठेवलात तर सभागृह फिल्मच्या लांबीपेक्षा निदान तासभर जास्त घ्या. अशा फिल्मनंतर लोक लगेच उठत नाहीत, आपापल्या घरातलं सांगायला लागतात. त्यांच्यासाठी चहा ठेवा आणि माइक लावू नका. फिल्ममध्ये आत्महत्येचा उल्लेख असेल तर तो आहे हे खेळाआधी सांगा, आणि शेवटच्या पाटीवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वाचता येईल इतका वेळ ठेवा.